मोजे, घाम आणि रिव्हाची धार

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं एक अख्खी डिव्हिजन बर्फासाठी घडवली. सैनिकांना पांढरे कपडे दिले, पांढऱ्या स्की दिल्या आणि कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात सुमारे २८०० मीटर उंचीवर नवी छावणी बांधून दिली. ही १०वी माउंटन डिव्हिजन १९४५च्या जानेवारीत इटलीतल्या आघाडीवर पोहोचली. तिथे स्कीचा उपयोग झाला तो सुरुवातीच्या काही गस्तींपुरता. मोठे हल्ले झाले ते पायी, चिखलातून आणि ओल्या कातळांवरून. मग दोन हिवाळे केलेली ती सगळी मेहनत वाया गेली का? हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. डिव्हिजनच्या तीन रेजिमेंटांपैकी ८६व्या रेजिमेंटची हकीकत बारकाईनं पाहिली, तर मला तरी उत्तराबद्दल शंका उरत नाही. सैनिक स्की शिकले हे दिसायला मोठं होतं. थंडीत अंग, पाय, पाणी आणि हत्यार कसं सांभाळायचं हे त्याच्या आडून ते शिकले, आणि लढाई त्यावर जिंकली गेली.

या सगळ्याची सुरुवात फिनलंडमध्ये झाली. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या. त्यांच्याकडे माणसं जास्त होती, रणगाडे जास्त होते, तोफा जास्त होत्या. तरीही जानेवारी १९४०मध्ये सुओमुस्साल्मीजवळच्या राते रस्त्यावर सोव्हिएतांची ४४वी डिव्हिजन अक्षरशः तुकड्यातुकड्यांनी कापली गेली. रणगाडे आणि मालमोटारी एकाच अरुंद रस्त्याला बांधलेल्या, दोन्ही बाजूंना गुडघा-गुडघा बर्फ आणि दाट जंगल. फिन्निश सैनिक स्कीवरून जंगलातून यायचे, रांग मध्येच तोडायचे आणि नाहीसे व्हायचे. या लढाईची जगभर छापून आलेली छायाचित्रं पांढऱ्या झग्यातल्या स्कीवाल्यांची होती. त्यामागची गोष्ट छायाचित्रात येत नव्हती. हल्ला करून आलेला फिन्निश सैनिक शेगडी पेटवलेल्या तंबूत झोपायचा, त्याला गरम जेवण मिळायचं, ओले कपडे वाळवता यायचे. रस्त्यावर अडकलेल्या सोव्हिएत शिपायाला शेकोटी पेटवणंही धोक्याचं होतं, कारण धूर दिसला की गोळी यायची. थंडी दोघांनाही सारखीच होती. निवारा मात्र एकालाच होता.

अमेरिकेतल्या ज्या मोजक्या लोकांनी ही लढाई लक्षपूर्वक वाचली, त्यांत चार्ल्स मायनॉट डोल हा विमा व्यवसायातला गृहस्थ होता. स्की करताना जखमी होणाऱ्यांना मदत करणारी नॅशनल स्की पेट्रोल ही स्वयंसेवी संघटना त्यानं उभी केली होती. अमेरिकी सैन्यालाही डोंगरातल्या हिवाळ्यासाठी खास फौज हवी, हे तो युद्धखात्याला पटवत राहिला आणि १९४० साली सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांच्यापर्यंत पोहोचला. अखेर लष्करानं हे मान्य केलं, तेव्हा भरतीचं कामही त्याच्या संघटनेकडे आलं. अर्जासोबत तीन शिफारसपत्रं लागत. अमेरिकी लष्करात एका नागरी संघटनेनं सैनिक निवडावेत, ही फार दुर्मिळ गोष्ट होती. त्यामुळे एकाच बराकीत महाविद्यालयांचे स्कीपटू, लाकूडतोडे, वनरक्षक, गुराखी आणि युरोपातून नाझींपासून पळून आलेले ऑस्ट्रियन प्रशिक्षक एकत्र आले. डार्टमथ कॉलेजचा स्विस प्रशिक्षक वॉल्टर प्रागर इथे सैनिक म्हणून भरती झाला. १९३८ साली के-टू शिखराच्या मोहिमेत असलेला पॉल पेत्झोल्ट इथे होता. नॉर्वेत जन्मलेला स्की-उडीतला विक्रमवीर टॉर्गर टोक्ले ८६व्या रेजिमेंटमध्ये होता.

छावणीचं नाव कॅम्प हेल. पँडो नावाच्या छोट्या रेल्वे स्थानकाजवळ ईगल नदीच्या खोऱ्यात १९४२मध्ये ती काही महिन्यांत उभी राहिली. त्यासाठी नदीचं पात्र सरळ केलं, दलदल भरून काढली. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपटीपेक्षाही थोडा कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. मैदानी प्रदेशातून आलेल्या तरुणांना पहिल्या आठवड्यात जिना चढतानाही धाप लागायची. त्यात खोरं चहूबाजूंनी बंद. शेकडो बराकींतल्या कोळशाच्या शेगड्या आणि घाट चढणारी वाफेची इंजिनं यांचा धूर खाली साचून राहायचा. जवळजवळ प्रत्येकाला एक चिवट खोकला जडला आणि त्याला छावणीत ‘पँडो हॅक’ हे नाव पडलं.

८६व्या रेजिमेंटची पहिली बटालियन १९४२च्या नोव्हेंबरअखेरीस इथे उभी राहिली, बाकीची रेजिमेंट १९४३च्या मे महिन्यात. नवख्यांना जवळच्या कूपर हिलवर स्की शिकवली जायची. काही आठवड्यांत बहुतेकजण उतारावरून पडता-उठता का होईना, खाली येऊ लागले. अवघड भाग त्यानंतर सुरू होई. पाठीवर चाळीसेक किलोची सॅक, खांद्यावर रायफल आणि पायांत लांबलचक लाकडी स्की घेऊन वर चढायचं. स्कीच्या तळाला कातड्याची पट्टी बांधत, म्हणजे ती मागे घसरत नसे. एवढं ओझं घेऊन चढताना उणे १५ अंशांतही माणूस घामाघूम होतो, आणि थंडीतला पहिला धडा याच घामाचा आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा माणसाला ऊब देते. कपडा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेतं आणि अंगातली ऊब बाहेर पडू लागते. चालताना हे जाणवत नाही, कारण स्नायू उष्णता तयार करत असतात. थांबल्यावर दहा मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून चढाला लागण्यापूर्वी अंगावरचा एक थर काढायचा, जरा गारठलेल्या अंगानं निघायचं, आणि थांबल्याबरोबर तो थर पुन्हा चढवायचा. नवख्याची इच्छा नेमकी उलटी असते. तंबूतून बाहेर पडताना त्याला थंडी वाजते, म्हणून तो सगळं अंगावर घालतो. चढाच्या शेवटी तो दमलेला असतो, म्हणून कपडे बदलायचा कंटाळा करतो. १९४३च्या फेब्रुवारीत होमस्टेक शिखराच्या परिसरात छावणीचा पहिला मोठा सराव झाला, तेव्हा अनेकजण हिमदंशानं आणि थकव्यानं मध्येच बाहेर पडले. ओझं फार होतं, तयारी कमी होती आणि काही अधिकाऱ्यांनाही हिवाळ्याची सवय नव्हती. या सरावाची त्या वेळी बदनामी झाली. माझ्या मते कॅम्प हेलच्या इतिहासातला सर्वात उपयोगी आठवडा तोच होता, कारण कागदावरची तयारी आणि बर्फातली तयारी यांतलं अंतर वरिष्ठांना तिथे पहिल्यांदा दिसलं.

दुसरा धडा पाण्याचा. चहूकडे बर्फ असताना माणूस तहानेनं खचू शकतो. उंचावरची थंड हवा कोरडी असते, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातलं पाणी जातं, घामानं आणखी जातं, आणि थंडीत तहानच लागत नाही. बर्फ तसाच खाल्ला तर तो वितळवायची उष्णता शरीरालाच पुरवावी लागते. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येईल. म्हणजे पिण्याचं पाणी हा इंधनाचा प्रश्न झाला. दोघांच्या तंबूत एक छोटा पेट्रोलचा स्टोव्ह असायचा. संध्याकाळचा बराच वेळ भांड्यात बर्फ टाकत बसण्यात जायचा. पाण्याच्या बाटल्या रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यायच्या, नाहीतर सकाळी दगड. मोजेही तिथेच, पोटाशी धरून वाळवायचे. बूट बाहेर ठेवले तर सकाळी पाय आत जात नसे.

हत्यारांचं वागणंही थंडीत बदलतं. नेहमीचं तेल घट्ट होतं आणि रायफलची हालचाल अडते, म्हणून तेल जवळजवळ पुसून टाकायचं. गार रायफल उबदार तंबूत आणली की तिच्यावर दव धरतं, आणि ती पुन्हा बाहेर नेली की ते गोठतं. म्हणून ती बाहेरच ठेवायची. वायरलेसच्या बॅटऱ्या गारठल्या की मरतात, त्या कोटाच्या आत बाळगायच्या. जोडीदाराच्या चेहऱ्याकडे दर थोड्या वेळानं पाहायचं, नाकावर किंवा गालावर पांढरा ठिपका दिसला तर लगेच सांगायचं. हिमदंश होत असताना तो भाग बधिर झालेला असतो, ज्याला होतो त्याला कळत नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उष्ण प्रदेशातल्या सैनिकाला स्वतःची काळजी घेता आली की पुष्कळ झालं. इथे एकट्या माणसाला आपलं शरीर नीट दिसतच नाही.

साधनंही याच काळात नव्यानं घडली. गिर्यारोहणाचे दोर तोवर मनिला तागाचे असत. जपाननं फिलिपिन्स घेतल्यावर तो ताग मिळेनासा झाला, आणि अमेरिकी लष्करानं नायलॉनचे दोर करून पाहिले. ते हलके होते, भिजले तरी कुजत नव्हते आणि माणूस पडला तर ताणले जाऊन धक्का सोसत होते. एका बाजूनं पांढरा आणि दुसऱ्या बाजूनं हिरवट असा उलटा घालता येणारा कोट, दुपदरी झोपण्याची पिशवी, बर्फावरून पट्ट्यांवर चालणारं ‘वीझल’ नावाचं छोटं वाहन ही त्या काळातलीच. तरी डोंगरी तोफा सुट्या करून वाहायला सर्वात भरवशाचं साधन खेचरच राहिलं.

१९४४च्या मार्चअखेरीस ‘डी-सीरीज’ नावाचा सराव सुरू झाला. तीनेक आठवडे संपूर्ण डिव्हिजन छावणीबाहेर बर्फात राहिली. हिमवादळं आली, पारा उणे ३० अंशांच्याही खाली गेला, शेकोट्यांना मनाई होती आणि रसद वेळेवर येत नव्हती. पुढे इटलीत लढलेल्या अनेकांनी सांगितलं आहे की, शारीरिक हालांचा विचार केला तर युद्धात त्याहून वाईट काही भोगावं लागलं नाही. हिमदंशाचे रुग्ण या सरावातही झाले. पण वर्षभरापूर्वी होमस्टेकला मोडून पडलेल्या तुकड्यांपेक्षा ही माणसं वेगळी होती. वादळ आलं की बर्फात बिळं खणून ती आत शिरत. साठलेल्या बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे बाहेर उणे ३० असताना बिळात तापमान शून्याच्या आसपास राहतं.

यानंतर जूनमध्ये डिव्हिजनला टेक्सासच्या उकाड्यात, कॅम्प स्विफ्टला हलवलं गेलं. बर्फावर तयार झालेले लोक सपाट, तापलेल्या माळावर कवायत करू लागले. ही फौज कुठे वापरायची हे वरिष्ठांना ठरवता येत नव्हतं. तिला टेक्सासला पाठवण्याचा निर्णय मला आजही कळत नाही. पुढच्याच हिवाळ्यात, १९४४-४५मध्ये, पश्चिम युरोपातल्या अमेरिकी सैन्यात थंडीनं पाय निकामी होऊन रुग्णालयात गेलेल्यांची संख्या ४० हजारांच्या वर गेली. त्यातले बरेचजण ‘ट्रेंच फूट’चे रुग्ण होते. यासाठी बर्फ लागतही नाही. पाय तासन् तास ओल्या, घट्ट बुटात आणि शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात राहिले की रक्तवाहिन्या आकसतात, पेशींना रक्त मिळत नाही, पाय सुजतो, बधिर होतो आणि सडू लागतो. इलाज सोपा होता: रोज बूट काढणं, पाय चोळणं, कोरडे मोजे घालणं. तो पाळायला शिस्त लागते, कारण गोळीबाराखाली खड्ड्यात बसलेल्या माणसाला बूट काढण्याची हिंमत होत नाही.

८६वी रेजिमेंट १९४४च्या डिसेंबरअखेरीस नेपल्सला उतरली. तिच्या खास हिवाळी सामानाचा मोठा भाग तिच्याबरोबर आलाच नाही. ६ जानेवारीला लिव्होर्नोजवळ क्वेर्चानेल्ला इथे रुळांवर पुरलेल्या सुरुंगानं एका पहारेकऱ्याचा बळी घेतला. त्याच्या मदतीला धावलेलेही इतर सुरुंगांवर पडले, त्यात रेजिमेंटचा धर्मगुरू होता. आघाडी पाहण्यापूर्वीच त्यांची माणसं गेली. दोन दिवसांनी, ८ जानेवारीला, रेजिमेंट बान्यी दि लुक्काच्या परिसरात आघाडीवर गेली.

इथे भारतीय सैनिकांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच भागातल्या सेर्क्यो खोऱ्यात २६ डिसेंबरला जर्मन आणि इटालियन फौजांनी हल्ला करून अमेरिकी फळी फोडली होती, आणि ती भगदाडं बुजवायला ८व्या इंडियन डिव्हिजनच्या तुकड्या धावून आल्या होत्या. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, होती. पुढे ९ एप्रिलला सेन्यो नदीच्या बांधावर तिच्यातले नगर जिल्ह्याचे सिपाही नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून परत आणलं, शत्रूची मशीनगन ठाणी एकट्यानं उद्ध्वस्त केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या या मुलांना कोणी कॅम्प हेल बांधून दिलं नव्हतं. इटलीतले हिवाळे त्यांनी तिथल्या चिखलातच शिकून काढले. आपल्याकडे इटलीतली ती लढाई फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

१०व्या डिव्हिजनपुढचं काम होतं माँते बेल्व्हेदेरे. बोलोन्याकडे आणि पुढे पो नदीच्या सुपीक मैदानाकडे जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या रस्त्यावर या डोंगराची नजर होती. नोव्हेंबरमध्ये त्यावर एकापाठोपाठ हल्ले झाले आणि सगळे फसले. डिव्हिजनचे सेनापती जॉर्ज हेज यांनी डोंगराभोवती फिरून कारण शोधलं. बेल्व्हेदेरेच्या पश्चिमेला दार्दान्या ओढ्याच्या पलीकडे एक उभी धार होती. अमेरिकी सैनिक तिला रिव्हा रिज म्हणत. धारेच्या माथ्यावर बसलेल्या जर्मन निरीक्षकांना बेल्व्हेदेरेच्या उतारावरचा प्रत्येक माणूस दिसायचा आणि ते तोफांना अचूक दिशा द्यायचे. म्हणजे आधी रिव्हा घ्यायला हवी होती. ओढ्यापासून माथा पाच-सहाशे मीटर उंच, काही ठिकाणी सरळ कडा, आणि कातळांवर गोठलेलं पाणी. इकडून मोठी तुकडी वर येईल असं जर्मनांना वाटतच नव्हतं. त्यांनी वर पहारा विरळ ठेवला होता.

जानेवारी-फेब्रुवारीत ८६व्या रेजिमेंटच्या छोट्या गस्ती रात्री वर जाऊन वाटा शोधत राहिल्या. काही स्कीवरून गेल्या, आणि स्कीचा खरा उपयोग झाला तो तेवढाच. कड्यांवर खिळे ठोकून दोर आधीच बांधून ठेवले गेले. आवाज होऊ नये म्हणून हातोड्यांना कापड गुंडाळलं होतं. १८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पहिली बटालियन आणि तिच्या जोडीला दुसऱ्या बटालियनची एक कंपनी, असे सातआठशे लोक वेगवेगळ्या सोंडांवरून चढायला लागले. बोलायचं नाही, सिगारेट पेटवायची नाही. रात्रभर चढून ते धुक्यातच माथ्यावर पोहोचले, आणि पहाटे जर्मन पहारेकऱ्यांना आपल्यामध्ये अमेरिकी शिरल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या रात्रीचा विचार करताना दोर आणि कडा यांकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. मला त्यातला घाम दिसतो. पाच-सहाशे मीटरचा खडा चढ, अंगावर दारूगोळा, आणि माथ्यावर पोहोचल्यावर फेब्रुवारीच्या पहाटेच्या वाऱ्यात तासन् तास पडून राहायचं. न शिकवलेली बटालियन घामानं भिजून वर आली असती आणि सकाळी तिची बोटं ट्रिगरवर वळली नसती. यांना खाली असतानाच एक थर उतरवायचा, कोरडे मोजे अंगाशी ठेवायचे, हे शिकवलेलं होतं. त्यानंतरचे काही दिवस जर्मनांनी धारेवर पुन्हा पुन्हा प्रतिहल्ले केले. सगळ्यांत वाईट स्थिती उत्तर टोकाच्या पित्सो दि काम्पिआनोवरच्या प्लाटूनची होती. तिचा संपर्क जवळजवळ तुटला होता, दारूगोळा संपत आला होता, तरी ती जागेवरून हलली नाही.

जखमींना खाली आणणं ही दुसरी लढाई होती. स्ट्रेचर हातांनी कड्यावरून उतरवायला अनेक तास लागत. डिव्हिजनच्या १२६व्या इंजिनिअर बटालियननं काप्पेल बुसो शिखरापर्यंत तारेवरचा पाळणा बांधला. तो सुरू झाल्यावर जखमी काही मिनिटांत खाली येऊ लागला आणि त्याच तारेवरून दारूगोळा वर जाऊ लागला. उंच डोंगरातल्या लढाईत शौर्याइतकंच हे काम माणसं वाचवतं, आणि सन्मानचिन्हांच्या यादीत त्याला क्वचितच जागा मिळते.

रिव्हा हातात आल्यावर १९ फेब्रुवारीच्या रात्री बेल्व्हेदेरेवर हल्ला झाला. आधी तोफांचा मारा नव्हता. उजाडेपर्यंत रायफली झाडायच्या नाहीत, अंधारात गोळी सुटली तर जागा कळेल, संगीन आणि हातबॉम्ब वापरायचे, असा हुकूम होता. या वेळी वरून पाहणारे डोळे जर्मनांचे नव्हते आणि डोंगर पडला. २१ तारखेला शेजारचा माँते कास्तेल्लो ब्राझीलच्या फौजेनं घेतला. ८६व्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियननं २४ला माँते देल्ला तोर्राचा घेतला. ३ मार्चच्या हल्ल्यात टॉर्गर टोक्ले मारला गेला. १४ एप्रिलला वसंतातली अखेरची चढाई सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी डिव्हिजनचे पाचशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. २० तारखेला ती पो नदीच्या मैदानात उतरली, २३ला नदी ओलांडली आणि गार्दा सरोवराच्या काठानं उत्तरेकडे निघाली. जर्मनांनी काठावरचे बोगदे उडवून दिले होते, म्हणून ती पाण्यातून चालणाऱ्या गाड्यांत बसून त्यांना वळसा घालून गेली. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती लागू झाली.

चार महिन्यांहून कमी काळात डिव्हिजनचे सुमारे १ हजार लोक मेले आणि सुमारे ४ हजार जखमी झाले. थंडीनं निकामी झालेले मात्र थोडे होते, आणि त्याचं श्रेय कॅम्प हेलच्या त्या दोन हिवाळ्यांना द्यायला हवं. बाकीच्या इटलीतल्या आघाडीवरही दुसऱ्या हिवाळ्यात रोज शिध्याबरोबर कोरडे मोजे आणि रबरी तळाचे बूट पुरवले गेले, आणि आदल्या वर्षाच्या मानानं पायाचे रुग्ण बरेच कमी झाले. सैन्यं हे शिकतात, पण दरवेळी आधी शेकडो पाय गमावून.

युद्धानंतर कॅम्प हेल पाडून टाकण्यात आलं. इथे शिकलेली माणसं मात्र डोंगरातच राहिली. इटलीत गंभीर जखमी झालेला ऑस्ट्रियन प्रशिक्षक फ्रीडल फायफर यानं अ‍ॅस्पेनला स्की केंद्र उभं करण्यात पुढाकार घेतला, तसाच जखमी झालेल्या पीट सायबर्टनं १९६२ साली व्हेल सुरू केलं. पेत्झोल्टनं १९६५मध्ये तरुणांना डोंगरात राहायला शिकवणारी शाळा काढली. लष्कराचे जादा झालेले नायलॉन दोर, तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या स्वस्तात बाजारात आल्या, आणि पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतले विद्यार्थी त्याच सामानावर डोंगर चढायला शिकले.